श्रेढीचं गणित: सूत्राआधी मधलं पद शोधा

दहावी झालेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून श्रेढीच्या (म्हणजे ठरावीक नियमाने पुढे सरकणाऱ्या संख्यांच्या रांगेच्या) शेवटच्या पदाचं सूत्र विचारा, तो घडाघडा म्हणून दाखवेल. मग त्यालाच विचारा, 'तीन अंकी संख्यांपैकी किती संख्यांना ७ ने पूर्ण भाग जातो?' पहिली अशी संख्या १०५, शेवटची ९९४. वजाबाकी ८८९, भागिले ७, उत्तर १२७. बरोबर उत्तर आहे १२८. सूत्र त्याला येतच होतं. ते नेमकं काय मोजतं, हे मात्र त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

अंकगणिती, भूमितीय आणि हरात्मक अशा तिन्ही श्रेढींची गणितं कशी हाताळायची, ते या लेखात बघू. दहावी-अकरावीची मुलं, सीईटीवाले आणि स्पर्धा परीक्षांवाले यांना ते उपयोगी पडेल. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की वहीत सूत्र उतरवण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. श्रेढीत न बदलणारं काय आहे? आणि तिच्या मध्यभागी काय आहे? दुसरा प्रश्न बहुतेकांना माहीतच नसतो, आणि वेळ वाचतो तो त्यानेच.

आधी अक्षरं ठरवू. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी जुनी मराठी-संस्कृत नावं वापरतो, कारण त्यांचा अर्थ नावातच दिसतो. पहिलं पद म्हणजे आदि (आ). साधारण फरक म्हणजे चय (च). पदांची संख्या म्हणजे गच्छ (ग). शेवटचं पद अंत्य (अं), एकूण बेरीज सर्वधन (स), मधलं पद किंवा मध्यधन (म). भूमितीय श्रेढीतलं गुणोत्तर गु. घातासाठी ^ ही खूण, म्हणजे २^५ = ३२.

आधी ओळख पटवा

लगतच्या पदांची वजाबाकी स्थिर असेल तर श्रेढी अंकगणिती. भागाकार स्थिर असेल तर भूमितीय. दोन्ही नसेल तर प्रत्येक पद उलटं करा, म्हणजे ४ चं १/४ करा, आणि मग वजाबाकी तपासा. ती स्थिर आली तर हरात्मक.

तीनच पदं दिली असतील तर एक झटपट कसोटी आहे. पदं क, ख, त मानून (क − ख) ÷ (ख − त) काढा. उत्तर १ आलं तर अंकगणिती, क/ख आलं तर भूमितीय, क/त आलं तर हरात्मक. उदाहरणार्थ ४, ६, १२. (−२) ÷ (−६) = १/३, आणि ४/१२ सुद्धा १/३. म्हणून हरात्मक.

शाब्दिक गणितात भाषाच चुगली करते. 'दरवर्षी ८०० रुपये पगारवाढ' ही अंकगणिती, 'दरवर्षी ८ टक्के पगारवाढ' ही भूमितीय. सरळव्याज अंकगणिती, चक्रवाढ भूमितीय. 'तेवढंच अंतर वेगवेगळ्या वेगाने' असं दिसलं की हरात्मक जवळपास कुठेतरी असणार. टक्के हा शब्द वाचूनही चय शोधत बसणारी मुलं मी दरवर्षी बघतो. अशांना माझा सल्ला असतो की टक्के या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी 'गुणा' असं लिहा.

अंकगणिती श्रेढी: एक श्लोक पुरतो

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त श्रेढीव्यवहार नावाचं प्रकरण आहे. त्यातलं मूळ सूत्र असं:

व्येकपदघ्नचयो मुखयुक् स्यादन्त्यधनं मुखयुग्दलितं तत् ।
मध्यधनं पदसङ्गुणितं तत् सर्वधनं गणितं च तदुक्तम् ॥

पद म्हणजे इथे पदांची संख्या, आणि मुख म्हणजे आदि. पदसंख्येतून एक वजा करा (व्येकपद), चयाने गुणा, त्यात मुख मिळवा, की अंत्यधन. त्यात पुन्हा मुख मिळवून निम्मं केलं की मध्यधन. त्याला पदसंख्येने गुणलं की सर्वधन. आपल्या अक्षरांत:

अं = आ + (ग − १) × च
म = (आ + अं) ÷ २
स = म × ग

आजच्या पुस्तकात पहिली आणि तिसरी ओळ ठळक छापतात, मधली गाळून टाकतात. माझ्या मते नेमकी तीच ओळ गाळायला नको होती. बेरीज म्हणजे सरासरी गुणिले संख्या, यापलीकडे त्या सूत्रात काही नाही. (चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. श्रेढीचा क्लास खानदेशाला नवा नाही.)

त्याच प्रकरणातलं उदाहरण घेऊ. एक जण पहिल्या दिवशी ४ द्रम्म (त्या काळचं नाणं) दान देतो आणि रोज ५ द्रम्म वाढवत जातो. एका पक्षात, म्हणजे १५ दिवसांत, किती दिले? अंत्यधन ४ + १४ × ५ = ७४. मध्यधन (४ + ७४) ÷ २ = ३९. सर्वधन ३९ × १५ = ५८५. शेवटच्या दिवशीचं दान, मधल्या म्हणजे आठव्या दिवशीचं दान आणि एकूण दान, तिन्ही एका दमात निघाली. आठव्या दिवशीचं पडताळून पाहा: ४ + ७ × ५ = ३९.

तो हरवलेला एक

आता सुरुवातीच्या १२७-१२८ कडे येऊ. शंभर मीटर लांबीच्या कुंपणाला दर दहा मीटरवर खांब रोवायचे तर खांब ११ लागतात, कारण १० ही गाळ्यांची संख्या आहे. (अंत्य − आदि) ÷ चय हे गाळे मोजतं. पदं म्हणजे खांब, म्हणून त्यात एक मिळवायचा. ८८९ ÷ ७ = १२७ गाळे, म्हणजे १२८ पदं. त्यांची बेरीज हवी असेल तर मध्यधन (१०५ + ९९४) ÷ २ = ५४९.५, गुणिले १२८ = ७०,३३६. मध्यधन अपूर्णांकात आलं तर घाबरू नका. गच्छ सम असला की मधलं पद श्रेढीत नसतं, मधल्या दोन पदांच्या बरोबर मध्ये असतं.

गाळ्यांचा हाच विचार दोन पदं दिलेल्या गणितात कामी येतो. समजा ७ वं पद ३४ आणि १५ वं पद ७४ आहे, २३ वं काढा. नेहमीची पद्धत म्हणजे दोन समीकरणं, वजाबाकी, मग आ, मग च. एवढं कशाला? सातव्यापासून पंधराव्यापर्यंत ८ गाळे, वाढ ४०, म्हणजे च = ५. पंधराव्यापासून तेविसाव्यापर्यंत पुन्हा ८ गाळे, पुन्हा ४०. उत्तर ११४. आदि लागलाच नाही.

अज्ञात मध्यापासून धरा

'अंकगणिती श्रेढीत असलेल्या तीन संख्यांची बेरीज २७ आणि गुणाकार ५०४ आहे. संख्या शोधा.' इथे आ, आ + च, आ + २च असं धरलंत तर घनसमीकरण अंगावर येतं. म − च, म, म + च असं धरा. बेरीज ३म = २७, म्हणून म = ९. गुणाकार ९ × (८१ − च²) = ५०४, म्हणून ८१ − च² = ५६ आणि च = ±५. संख्या ४, ९, १४, किंवा त्याच उलट्या क्रमाने.

पाच संख्या असतील तर म − २च पासून म + २च पर्यंत. चार असतील तर मध्यभागी पद नसतं, म्हणून म − ३ट, म − ट, म + ट, म + ३ट असं धरायचं. इथे चय २ट आहे. शेवटी उत्तर लिहिताना ट ला चय समजून लिहिण्याची चूक फार होते.

याचं एक गोड उदाहरण: चार संख्यांची बेरीज ४०, आणि टोकांच्या दोघांचा गुणाकार मधल्या दोघांच्या गुणाकारापेक्षा ३२ ने कमी. म = १०. मधल्यांचा गुणाकार १०० − ट², टोकांचा १०० − ९ट². फरक ८ट² = ३२, ट = २. संख्या ४, ८, १२, १६. पडताळा: ९६ − ६४ = ३२. फरकातून १०० उडून गेले, ते पाहिलंत? म्हणजे बेरीज काहीही असो, हा फरक नेहमी चयाच्या वर्गाच्या दुप्पट राहतो.

मध्यधनाची खरी ताकद दिसते ती पुढच्या प्रकारात. दोन अंकगणिती श्रेढींच्या पहिल्या ग पदांच्या बेरजांचं गुणोत्तर (३ग + ३) : (२ग + ७) आहे, तर त्यांच्या १० व्या पदांचं गुणोत्तर काय? पुष्कळ जण ग च्या जागी १० घालून ३३ : २७ लिहितात. ते दहा पदांच्या बेरजेचं गुणोत्तर झालं, दहाव्या पदाचं नव्हे. दहावं पद कितव्या बेरजेच्या मध्यभागी येतं, ते विचारा. एकोणीस पदांच्या. १९ पदांची बेरीज म्हणजे १९ × दहावं पद. म्हणून ग = १९ घाला: ६० : ४५ = ४ : ३.

दोन उत्तरं आली, आता काय?

२० + १८ + १६ + … किती पदांची बेरीज ८० होईल? सूत्रात घातल्यावर ग × (२१ − ग) = ८०, म्हणून ग = ५ किंवा १६. यातलं एक उत्तर 'चूक' म्हणून खोडायची घाई करू नका. सहावं पद १० आहे आणि सोळावं −१०. मधली अकरा पदं एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे दोन्ही उत्तरं बरोबर. पण हेच गणित 'पहिला हप्ता २० हजार, दर महिन्याला २ हजारांनी कमी, ८० हजारांचं कर्ज कधी फिटेल?' असं आलं, तर पाचच. ऋण हप्ता देणारा सावकार अजून जन्माला यायचा आहे.

सर्वधनावरून पद काढायचं असेल तर लगतच्या दोन बेरजा वजा करा. स = ३ग² + ५ग असेल तर ग-वं पद ६ग + २ येतं. इथे एक छुपा खड्डा आहे. स = ३ग² + ५ग + १ दिलं तर? पहिल्या तीन बेरजा ९, २३, ४३. पदं ९, १४, २०. ही अंकगणिती नाहीच, कारण तो सुटा १ पहिल्या पदाला चिकटला. बेरजेच्या सूत्रात सुटा आकडा दिसला की पहिलं पद वेगळं तपासा.

भूमितीय श्रेढी: कवड्यांचा महिना

पुन्हा 'लीलावती'. एकाने पहिल्या दिवशी २ कवड्या आणि पुढे रोज दुप्पट, असं महिनाभर दान देण्याचं वचन दिलं. एकूण किती? सूत्र: स = आ × (गु^ग − १) ÷ (गु − १). इथे २ × (२^३० − १) ÷ १. प्रश्न उरतो २^३० हाताने काढण्याचा, आणि भास्कराचार्यांनी त्याची जी रीत दिली ती आजही उपयोगाची आहे.

गच्छ विषम असेल तर १ वजा करून 'गुण' लिहा. सम असेल तर निम्मा करून 'वर्ग' लिहा. शून्य येईपर्यंत चालू ठेवा. ३० → १५ (वर्ग) → १४ (गुण) → ७ (वर्ग) → ६ (गुण) → ३ (वर्ग) → २ (गुण) → १ (वर्ग) → ० (गुण). आता १ पासून सुरू करून यादी उलटी वाचा. गुण: २. वर्ग: ४. गुण: ८. वर्ग: ६४. गुण: १२८. वर्ग: १६,३८४. गुण: ३२,७६८. वर्ग: १,०७,३७,४१,८२४. तीसऐवजी आठ पायऱ्यांत काम झालं. यातून १ वजा करून दुप्पट केली की २,१४,७४,८३,६४६ कवड्या. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क या हिशेबाने ते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होतात. दोन कवड्यांपासून सुरुवात करून!

हीच रीत आवर्ती ठेवीला लावू. दरमहा २,००० रुपये, महिन्याच्या सुरुवातीला, मासिक १ टक्का, १२ महिने. पहिला हप्ता १२ महिने राहतो, दुसरा ११, शेवटचा १. सरळव्याज असेल तर व्याजाची श्रेढी अंकगणिती: २० × (१२ + ११ + … + १) = २० × ७८ = १,५६०. एकूण २५,५६० रुपये.

दरमहा चक्रवाढ असेल तर प्रत्येक हप्ता १.०१ च्या घाताने वाढतो: एकूण = २,००० × १.०१ × (१.०१^१२ − १) ÷ ०.०१. वरच्या रीतीने १२ → ६ (वर्ग) → ३ (वर्ग) → २ (गुण) → १ (वर्ग) → ० (गुण). उलट वाचा: १.०१, १.०२०१, १.०३०३०१, १.०६१५२०, १.१२६८२५. एकूण सुमारे २५,६१९ रुपये. एका वर्षात फरक ५९ रुपयांचा, म्हणजे नगण्य. अंकगणिती आणि भूमितीय सुरुवातीला अशाच हातात हात घालून चालतात. कवड्यांचा महिना आठवा, मग पुढे काय होतं ते कळेल.

आता मधलं पद. भूमितीय श्रेढीत बेरजेऐवजी गुणाकाराला मध्य असतो. तीन संख्यांचा गुणाकार २१६ आणि बेरीज २६ असेल तर त्या म/गु, म, म × गु धरा. गुणाकारात गु उडतं, म³ = २१६, म = ६. बेरजेवरून गु + १/गु = २०/६ = १०/३. वर्गसमीकरण मांडायचीही गरज नाही. १०/३ म्हणजे ३ आणि १/३, म्हणून गु = ३ किंवा १/३. संख्या २, ६, १८.

चार संख्यांसाठी पुस्तकं म/गु³, म/गु, म × गु, म × गु³ असं सुचवतात. सोयीचं आहे, पण सावध राहा. इथे खरं गुणोत्तर गु² आहे आणि वर्ग ऋण नसतो. त्यामुळे १, −२, ४, −८ अशी श्रेढी या मांडणीत सापडणारच नाही. प्रश्नात 'धन संख्या' असं लिहिलेलं नसेल तर ही मांडणी वापरू नका.

ऋण गुणोत्तर हा एरवीही विसरला जाणारा पाहुणा आहे. पहिल्या ४ पदांची बेरीज १५, पहिल्या ८ पदांची २५५. पुढच्या चार पदांची बेरीज २४०. पहिल्या चारांतलं प्रत्येक पद गु^४ ने गुणलं की पुढची चार मिळतात, म्हणून गु^४ = २४० ÷ १५ = १६. बहुतेक जण इथे गु = २ लिहून थांबतात: १, २, ४, ८. पण गु = −२ घेतलं तर आ = −३, आणि −३ + ६ − १२ + २४ = १५. तेही बरोबर.

अनंत पदांची बेरीज आ ÷ (१ − गु). मात्र गु हे −१ आणि १ च्या मध्ये असेल तरच. रबरी चेंडू १० मीटरवरून पडतो आणि प्रत्येक वेळी आधीच्या उंचीच्या ३/५ उसळतो, तर एकूण अंतर किती? १० ÷ (२/५) = २५ लिहिणारे फक्त खाली येणारा चेंडू मोजतात. वर जाणं ६ पासून सुरू होतं: ६ ÷ (२/५) = १५. एकूण ४० मीटर. चेंडूची आकृती काढा, बाण वर-खाली दाखवा, मगच सूत्र.

५ + ५५ + ५५५ + … हा प्रकार दिसला की ५/९ बाहेर काढा. आत ९ + ९९ + ९९९ राहतं, म्हणजे (१० − १) + (१०० − १) + (१,००० − १). बाकी काम भूमितीय श्रेढी करते.

हरात्मक श्रेढी: उलटं करा, सोडवा, पुन्हा उलटं करा

हरात्मक श्रेढीच्या बेरजेचं साधं सूत्र नाही. शोधू नका. पदांची गणितं मात्र सोपी आहेत. ४ थं पद ६ आणि १० वं पद ३ असेल तर १६ वं काय? उलटी पदं १/६ आणि १/३. सहा गाळ्यांत १/६ ची वाढ. पुढच्या सहा गाळ्यांत आणखी १/६, म्हणजे १/२. पुन्हा उलटं करा: २. ही शेवटची उलटापालट विसरून १/२ लिहिणं ही या प्रकरणातली सर्वांत सामान्य चूक आहे.

मधली पदं घालायचं गणित घ्या. ४ आणि १२ यांच्यात तीन हरात्मक मध्य घाला. उलटी टोकं १/४ आणि १/१२, फरक −१/६. तीन खांब मध्ये आले तर गाळे चार, म्हणून प्रत्येकी −१/२४. छेद २४ ठेवूनच लिहा: ६/२४, ५/२४, ४/२४, ३/२४, २/२४. उलटे केले की ४, ४.८, ६, ८, १२. अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देण्याची सवय इथे आवरा. समान छेद ठेवला की श्रेढी डोळ्यांना दिसते.

मधल्या पदाची युक्ती इथेही चालते, फक्त ती उलट्या पदांवर लावायची. तीन हरात्मक संख्यांची बेरीज ११ आणि त्यांच्या व्यस्तांची बेरीज १. व्यस्त अंकगणिती आहेत, म्हणून मधला व्यस्त १/३ आणि मधली संख्या ३. उरलेल्या दोघींची बेरीज ८, व्यस्तांची बेरीज २/३. व्यस्तांची बेरीज म्हणजे बेरीज भागिले गुणाकार, म्हणून गुणाकार १२. संख्या २ आणि ६. श्रेढी २, ३, ६.

आता मुलांना मुद्दाम विचारतो तो प्रश्न: चौथं पद काय? उलटी पदं १/२, १/३, १/६, पुढचं शून्य. शून्य उलटं करता येत नाही. ही श्रेढी ६ वर संपते, चौथं पद अस्तित्वातच नाही. अंकगणिती किंवा भूमितीय श्रेढीवर अशी पाळी कधी येत नाही.

घाटातली सरासरी

घाट चढताना गाडी ताशी ३० किलोमीटर, त्याच रस्त्याने उतरताना ६०. सरासरी वेग ४५ नाही. घाट ६० किलोमीटरचा माना: चढायला २ तास, उतरायला १ तास, १२० किलोमीटर ३ तासांत, ताशी ४०. हा हरात्मक मध्य: २ × ३० × ६० ÷ (३० + ६०) = ४०. अंतर समान असेल तर हरात्मक. वेळ समान असेल, म्हणजे तासभर ३० ने आणि तासभर ६० ने, तर ४५ बरोबर. अंतर बदललं तरी उत्तर तेच येतं, म्हणून परीक्षेत अंतर दिलेलं नसतं आणि मुलं 'माहिती अपुरी' लिहून मोकळी होतात.

दोन संख्यांचा अंकगणिती मध्य म्हणजे बेरजेच्या निम्मे, भूमितीय मध्य म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ. दोन धन संख्यांसाठी तिन्ही मध्यांचं नातं पक्कं आहे: भूमितीय मध्याचा वर्ग = अंकगणिती मध्य × हरात्मक मध्य. अंकगणिती मध्य २५ आणि हरात्मक १६ असेल तर भूमितीय √४०० = २०. मग बेरीज ५०, गुणाकार ४००, संख्या ४० आणि १०. क्रमही ठरलेला: अंकगणिती सर्वांत मोठा, मग भूमितीय, मग हरात्मक, आणि दोन्ही संख्या सारख्या असतील तरच तिघे समान. तुमच्या उत्तरात हा क्रम उलटा आला तर मागे जाऊन चूक शोधा.

मिश्र प्रकार

१ + २/२ + ३/४ + ४/८ + … यात अंश अंकगणिती, छेद भूमितीय. बेरीज स माना. भूमितीय भागाच्या गुणोत्तराने, म्हणजे १/२ ने, सगळं गुणा आणि एक घर सरकवून खाली लिहा: स/२ = १/२ + २/४ + ३/८ + … वजा करा: स/२ = १ + १/२ + १/४ + … = २. स = ४. एक घर सरकवणं महत्त्वाचं, म्हणून वहीत समान छेद एकाखाली एक येतील असंच लिहा.

१/(२×५) + १/(५×८) + … + १/(२९×३२) हे हरात्मक वाटतं, पण सुटतं. छेदातले अवयव ३ ने वाढतात. प्रत्येक पद १/३ × (१/२ − १/५), १/३ × (१/५ − १/८) असं फोडा. मधलं सगळं उडतं, उरतं १/३ × (१/२ − १/३२) = ५/३२.

आणि १ + १/२ + १/३ + १/४ + … हे मात्र कुठेच थांबत नाही. पदं शून्याकडे जातात, म्हणून बेरीजही कुठेतरी थांबेल, असं वाटतं. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेमने दिलेली सिद्धता आठवीतलं मूलही समजू शकतं. १/३ + १/४ हे १/४ + १/४ पेक्षा, म्हणजे १/२ पेक्षा मोठं. पुढची चार पदं प्रत्येकी किमान १/८, म्हणजे बेरीज १/२ पेक्षा जास्त. पुढची आठही तशीच. अर्धा-अर्धा मिळत राहतो, कायमचा. चाल मात्र गोगलगायीची: बेरीज १० च्या पुढे जायला १२,३६७ पदं लागतात.

हातासरशी तीन

पहिलं: १०० आणि ३०० च्या दरम्यानच्या, ८ ने भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या संख्यांची बेरीज. १०७ ते २९९, गाळे २४, पदं २५, मध्यधन २०३, उत्तर ५,०७५.

दुसरं: ५ आणि २० यांचे तिन्ही मध्य काढा. १२.५, १० आणि ८. १२.५ × ८ = १००, म्हणजे हिशेब जुळला.

तिसरं जरा वेळ घेऊन करा. अंकगणिती श्रेढीतल्या तीन संख्यांची बेरीज १५. त्यांत अनुक्रमे १, ४ आणि १९ मिळवले की भूमितीय श्रेढी होते. मधली संख्या ५ हे तोंडी. मग ६ − च, ९, २४ + च या भूमितीय, म्हणून (६ − च)(२४ + च) = ८१. यातून च² + १८च − ६३ = ०, च = ३ किंवा −२१. पहिल्याने २, ५, ८ (आणि मिळवल्यावर ३, ९, २७). दुसऱ्याने २६, ५, −१६ (आणि मिळवल्यावर २७, ९, ३). प्रश्नात 'धन संख्या' असा शब्द आहे का, ते पुन्हा एकदा वाचा. नसेल तर दोन्ही लिहा.